न जुळणाऱ्या आकड्यांची साक्ष

श्रोतेहो, जुनी पिस्तुले हा विषय आणि तो मांडणारा कामगार संघटनेचा कार्यकर्ता, हा योग पाहून आपणांपैकी काहींना नवल वाटले असेल. आम्ही संग्राहक नव्हे, सेनाधिकारी तर नव्हेच. आमचे शिक्षण झाले ते सार्वजनिक वाचनालयाच्या बाकावर आणि कारखान्याच्या दारात. परंतु लोखंडाची कोणतीही वस्तू पाहिली, की ती कोणी घडवली, कोणत्या हत्याराने घडवली आणि पुढे ती कोणी दुरुस्त केली, हे विचारण्याची खोड आम्हांला लागली आहे. हीच खोड नव्या संग्राहकाच्या कामी कशी येते, ते आज सांगावयाचे आहे.

नव्या संग्राहकापुढे एक प्रश्न हमखास उभा राहतो. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीचे पिस्तूल त्याला दाखवले जाते. सांगाड्यावर एक आकडा असतो, नळीवर दुसरा, सिलिंडरवर तिसराच. विकणारा म्हणतो, ‘तेवढे चालायचेच.’ शेजारचा जाणकार म्हणतो, ‘आकडे जुळत नाहीत, हात लावू नका.’ अशा वस्तूची किंमत कशी ठरवावी? बाजाराचे ठोकळ उत्तर असे, की आकडे जुळले तर भाव चढा, न जुळले तर भाव पडता. हे उत्तर खोटे नाही, पण ते अर्धेच आहे. उरलेले अर्धे समजण्यासाठी हे आकडे मुळात ठोकले कशासाठी, येथून सुरुवात केली पाहिजे.

यंत्रयुगापूर्वी प्रत्येक बंदूक ही एकुलती एक असे. कारागीर चाप, घोडा, कमान आणि खटका हे भाग कानशीने घासून एकमेकांत बसवी. एका बंदुकीचा घोडा दुसरीत बसत नसे. बसलाच तर पुन्हा कानस चालवूनच. रणांगणावर एक कमान मोडली, तर सारे हत्यार कारागिराकडे परत न्यावे लागे. राज्यकर्त्यांना ही मोठी अडचण होती. १७८५ साली पॅरिसजवळ ऑनोरे ब्लाँ नावाच्या बंदूककाराने अमेरिकेचे वकील थॉमस जेफर्सन यांच्यापुढे पन्नास चापयंत्रणांचे सुटे भाग मांडले. जेफर्सन यांनी हाताला येतील ते भाग उचलून स्वतः काही यंत्रणा जोडून पाहिल्या आणि त्या नीट बसल्या. कोणत्याही हत्याराचा कोणताही भाग कोणत्याही हत्यारात बसावा, या कल्पनेने तेव्हापासून अमेरिकन सरकारला झपाटले.

कल्पना सुचणे वेगळे आणि ती कारखान्यात उतरणे वेगळे. एली व्हिटनी याने १७९८ साली दहा हजार बंदुकांचा ठेका घेतला आणि १८०१ साली राजधानीत बड्या मंडळींपुढे सुट्या भागांचे प्रात्यक्षिकही केले. त्याच्या बंदुकांपैकी ज्या टिकून राहिल्या त्या पुढे अभ्यासकांनी तपासल्या, तेव्हा त्यांचे भाग एकमेकांत बसत नाहीत असे आढळले. १८१३ साली सिमियन नॉर्थ याने वीस हजार पिस्तुलांचा ठेका घेतला. कोणत्याही पिस्तुलाचा भाग त्या वीस हजारांतल्या कोणत्याही पिस्तुलाला बसला पाहिजे, अशी अट त्या करारातच होती. ही अट खऱ्या अर्थाने पुरी करण्याइतकी प्रगती झाली ती हार्पर्स फेरी येथे जॉन हॉल याने १८२० च्या दशकात बनवलेल्या रायफलींत. आणि तीही मापांची, साच्यांची नि तपासणीची फार मोठी खटपट केल्यावर.

आता सॅम्युएल कोल्ट याच्याकडे वळू. फिरत्या सिलिंडरचे पिस्तूल जगभर पोहोचवणारा तो हाच. १८५१ च्या लंडनच्या महाप्रदर्शनात त्याची पिस्तुले गाजली. १८५३ मध्ये त्याने लंडनमध्ये कारखाना काढला, तो १८५६ च्या सुमारास बंद झाला. १८५५ मध्ये अमेरिकेत हार्टफर्ड येथे त्याचा मोठा कारखाना उभा राहिला. कोल्टची पिस्तुले यंत्रावर तयार होतात, म्हणून त्यांचे भाग सर्रास अदलाबदल करता येतात, असा बोलबाला होता. १८५४ साली ब्रिटिश संसदेच्या समितीने याची चौकशी केली. कोल्टच्याच लंडन कारखान्यावर पूर्वी देखरेख करणारा गेज स्टिकनी साक्षीला आला आणि त्याने ही अदलाबदल होत असल्याचे साफ नाकारले.

याचे कारण कामाच्या पद्धतीतच होते. यंत्रातून निघालेले भाग जवळजवळ सारखे असत, अगदी सारखे नसत. फिटर ते मऊ लोखंडाच्या अवस्थेत कानशीने एकमेकांत बसवी. त्यानंतर भाग पुन्हा सुटे करून काहींना पाणी द्यायचे, काहींवर निळी झिलई चढवायची. ही कामे निरनिराळ्या खात्यांत, ढिगाने होत. ढिगातून परत आलेल्या भागांत आपण बसवलेली जोडी कोणती, हे ओळखायचे कसे? त्यासाठी एका पिस्तुलाच्या सगळ्या मुख्य भागांवर एकच आकडा ठोकला जाई.

श्रोतेहो, एवढी गोष्ट ध्यानात ठेवा. पुढचे सारे तिच्यातून उलगडते. आज ज्या आकड्यावर बाजारात हजारोंची घासाघीस चालते, तो मुळात फिटरच्या आठवणीची गाठ होता. ‘हे भाग आम्ही एकमेकांसाठी घासले आहेत, त्यांची ताटातूट करू नका,’ एवढाच त्याचा अर्थ. त्या कारखान्यात पोटठेकेदारीची पद्धत होती. ठेकेदार आपापल्या कामाचा दर ठरवून घेत आणि आपली माणसे स्वतः नेमत. अशा माणसांची नावे इतिहासात क्वचितच राहिली. जो आकडा त्यांनी बसवणी झाल्यावर ठोकला, तो मात्र राहिला.

उदाहरण म्हणून एकच पिस्तूल घेऊ. ते म्हणजे कोल्टचे १८७३ चे ४५ व्यासाचे लष्करी रिव्हॉल्व्हर. अमेरिकन सैन्याने पहिल्या ठेक्यात आठ हजार नग मागवले आणि १८९० च्या सुमारापर्यंत एकंदर सुमारे सदतीस हजार विकत घेतले. घोडदळासाठी त्यांची नळी साडेसात इंच लांब ठेवली होती. सांगाडा, चापाभोवतालची कडी, मुठीची पाठपट्टी, नळी आणि सिलिंडर या सर्वांवर आकडा असे. त्याखेरीज सरकारी तपासनीस मुठीच्या लाकडावर आपली आद्याक्षरे आणि धातूच्या मुख्य भागांवर एकेक अक्षर उमटवी. आरंभीच्या वर्षांत ऑरव्हिल एन्सवर्थ हा तपासनीस होता, पुढे १८८० च्या दशकात डेव्हिड क्लार्क.

पुढे १८९२ साली सैन्याने ३८ व्यासाचे नवे रिव्हॉल्व्हर स्वीकारले आणि ही जुनी पिस्तुले कोठारांत गेली. १८९० च्या दशकाच्या मध्याला त्यांतील हजारो पिस्तुले बाहेर काढण्यात आली. काम स्प्रिंगफील्डच्या सरकारी शस्त्रशाळेत आणि कोल्टच्या कारखान्यात झाले. नळी पुढच्या टोकाकडून दोन इंच कापून साडेपाच इंच केली. टोक कापले म्हणजे त्यावरचा माशीचा उंचवटाही गेला. तो पुन्हा बसवावा लागला. पिस्तुले सुटी केली, झिजलेले भाग बदलले, झिलई नव्याने दिली, आणि ढिगातून जे भाग नीट बसले ते जोडून नग पुरे केले. जुने आकडे पुन्हा एकत्र आणण्याची तसदी बहुतेक वेळी कोणी घेतली नाही. कारण उघड आहे. कामगाराला हुकूम होता तो चालणारे पिस्तूल देण्याचा, संग्राहकासाठी आकडे जुळवण्याचा नव्हे. ही आखूड पिस्तुले आधी हलक्या तोफखान्याला दिली गेली, म्हणून संग्राहक त्यांना आजही ‘तोफखाना पिस्तूल’ म्हणतात. १८९८ च्या स्पेनविरुद्धच्या युद्धात आणि त्यानंतर फिलिपीन्समध्ये ती वापरली गेली. फिलिपीन्समध्ये नवे ३८ चे हत्यार दुबळे ठरले, तेव्हा तर या म्हाताऱ्या ४५ ची मागणी आणखी वाढली.

आता पाहा. असे एखादे तोफखाना पिस्तूल नव्या संग्राहकाच्या हाती आले. सांगाड्याचा आकडा १८७० च्या दशकातला, नळीवर एन्सवर्थचे अक्षर, सिलिंडरवर क्लार्कचे, आणि मुठीच्या लाकडावर दुरुस्तीनंतर तपासणी करणाऱ्या रिनाल्डो कारची आर. ए. सी. ही आद्याक्षरे. एकही आकडा दुसऱ्याशी जुळत नाही. ठोकळ नियम लावणारा म्हणेल, ‘खिचडी आहे, सोडून द्या.’ पण या पिस्तुलाच्या बाबतीत ही खिचडीच त्याच्या जन्मकथेशी जुळते. तीस वर्षांच्या नोकरीचा, दोन पिढ्यांच्या तपासनिसांचा आणि एका मोठ्या दुरुस्तीचा दाखला त्याच्या अंगावर लिहिलेला आहे. सगळे आकडे जुळणारे तोफखाना पिस्तूल अशक्य नाही. आरंभीच्या तुकड्यांत तशीही काही आढळतात. परंतु ते समोर आले तर आनंदाने उडी मारण्याऐवजी भिंग हाती घ्यावे.

याउलट धोका कोठे आहे, तोही ऐका. लांब नळीच्या घोडदळी पिस्तुलाला भाव जास्त. त्यातही जून १८७६ मध्ये लिटल बिगहॉर्न येथे लकोटा आणि शायेन योद्ध्यांनी जनरल कस्टरच्या सातव्या घोडदळाच्या तुकडीचा निःपात केला, त्या घोडदळाला मिळालेल्या आकड्यांच्या आसपासचे पिस्तूल असेल, तर भावाला धरबंध राहत नाही. म्हणून लबाड माणसे प्रामाणिक तोफखाना पिस्तूल घेतात, त्याला लांब नळी चढवतात, भागांवरचे खरे आकडे घासून टाकतात आणि सांगाड्याशी जुळणारे नवे आकडे ठोकतात. आकडे जुळले, भाव चढला. मात्र त्या पिस्तुलाला जो खरा इतिहास होता तो कानशीच्या चार फटकाऱ्यांत नाहीसा झाला. अशा नगापेक्षा न जुळणारे पण खरे पिस्तूल शतपटीने बरे.

तात्पर्य, ‘आकडे जुळतात का?’ हा पहिला प्रश्न नव्हे. पहिला प्रश्न असा, की हे आकडे बिघडले कधी, कोणाच्या हातून आणि कशासाठी? याची तीन उत्तरे संभवतात. पहिले, सरकारी शस्त्रशाळेतील दुरुस्तीत. दुसरे, वापरणाऱ्याच्या गरजेने. सिलिंडर फुटले म्हणून गावच्या लोहाराने किंवा बंदूक दुरुस्त करणाऱ्याने हाती होते ते बसवले. तिसरे, विक्रीसाठी, तीन मोडक्या पिस्तुलांतून एक देखणे पिस्तूल परवा-तेरवा जुळवले. पहिल्यात इतिहास आहे, दुसऱ्यातही आहे. तिसऱ्यात फक्त व्यापार आहे; आणि विकणारा ते उघड सांगत नसेल, तर फसवणूक आहे.

हा फरक ओळखायचा कसा? पिस्तूल रिकामे आहे याची प्रथम खात्री करावी. जाणत्या माणसाकडून करवून घेतली तर उत्तम. मग झीज पाहावी. वर्षानुवर्षे एकत्र राहिलेल्या भागांची झीज, गंज आणि झिलईची उतरण एकमेकांशी मेळ खाते. सांगाडा खवल्याखवल्यांनी गंजलेला आणि नळी मात्र गुळगुळीत असेल, तर त्यांची ओळख अलीकडची समजावी. त्यानंतर आकडा भिंगाखाली धरावा. जुन्या आकड्याच्या कडा झिजून बोथट होतात आणि त्याच्या खोबणीतला रंग बाहेरच्या रंगाशी जुळतो. ताज्या ठशाच्या कडा बोटाला लागतात. आकड्याभोवती पृष्ठभाग खोलगट भासला, तर तेथे पूर्वी दुसरा आकडा असावा असा संशय धरावा. कारखान्याचे ठसे ठराविक वळणाचे असत; खात्रीच्या नगाचे छायाचित्र शेजारी ठेवून वळण ताडून पाहावे. स्क्रूंची डोकीही पाहावीत. वारंवार उघडलेल्या स्क्रूची खाच फाटलेली असते, आणि फाटलेल्या खाचेवर नवी झिलई चढलेली दिसली तर ती झिलई मागाहूनची, हे सांगायला पंडित लागत नाही.

नंतर भागांची बसवणी. कोल्टच्या या पिस्तुलाचा घोडा सावकाश मागे ओढला की चार वेळा टिक असा आवाज येतो, आणि शेवटी सिलिंडर घट्ट अडकले पाहिजे. भाग निरनिराळ्या पिस्तुलांचे असून हे सर्व सुरळीत होत असेल, तर कोणा जाणत्या फिटरने ते बसवले आहेत. सिलिंडर डुगडुगत असेल, तर कोणीतरी नुसते घुसडले आहेत. गिरणीतल्या यंत्रावर दुसऱ्या यंत्राचा भाग चढवताना फिटरला तो घासून बसवावा लागतो, आणि बसवणी पाहून हात कोणाचा हे खात्यातली माणसे ओळखतात. येथेही तेच.

कागदपत्रांविषयी एक इशारा द्यावासा वाटतो. कोल्ट कंपनीच्या दफ्तरातून अमुक आकड्याचे पिस्तूल केव्हा आणि कोणाकडे रवाना झाले याचा दाखला फी भरून मिळू शकतो. तो उपयोगी असतो. पण तो दाखला आकड्यासंबंधी असतो, तुमच्या हातातल्या नळीसंबंधी नव्हे. सांगाड्याचे पत्र दाखवून संपूर्ण पिस्तुलाचे पैसे मागितले, तर हा भेद ध्यानात ठेवावा.

एवढे झाल्यावर किंमत. रुपयांचे आकडे आम्ही देत नाही, कारण भाव दरसाल हलतात. रीत मात्र सांगतो. वरची मर्यादा म्हणजे त्याच प्रकारचे, तशाच अवस्थेतले, सर्व आकडे जुळणारे खरे पिस्तूल ज्या भावाने गेले तो भाव. खालची मर्यादा म्हणजे समोरचे पिस्तूल सुटे करून भागाभागाने विकले तर काय येईल ती रक्कम. खरी किंमत या दोहोंच्या मध्ये कोठेतरी असते, आणि कोठे ते आकडे का जुळत नाहीत यावर ठरते. तोफखाना पिस्तुलाची तुलना दुसऱ्या तोफखाना पिस्तुलाशी करावी, घोडदळी पिस्तुलाशी नव्हे. मग न जुळणारे आकडे फारसे वजा होत नाहीत. वापरातल्या दुरुस्तीत मुठीची पाठपट्टी बदललेली असेल तर थोडे वजा, नळी किंवा सिलिंडर बदलले असेल तर बरेच. बदललेला भाग त्याच काळाचा असेल तर वजाबाट कमी, नव्याने पाडलेली नक्कल असेल तर जास्त. परवा जुळवलेला नग खालच्या मर्यादेवरच घ्यावा. आणि आकडे खोडून पुन्हा ठोकलेला नग? तो घेऊच नये. त्यातली एक लबाडी सापडली म्हणजे बाकीचे सारे खरे, असे कोणीही सांगू शकत नाही.

हीच कसोटी अन्यत्रही लागते का, हे पाहण्यासाठी जर्मनीचे ल्यूगर पिस्तूल घेऊ. १९०८ मध्ये ते जर्मन सैन्याने स्वीकारले. त्याच्या मोठ्या भागांवर पूर्ण आकडा आणि लहानसहान भागांवर आकड्याची शेवटची दोन स्थाने ठोकण्याची पद्धत होती. पहिल्या महायुद्धानंतर जर्मन सैन्य एक लाखावर आणले गेले, तेव्हा जुनी पिस्तुले दुरुस्त करून, भाग बदलून पुन्हा वापरात आली आणि अनेकांवर १९२० हा सरकारी मालकीचा ठसा पडला. दुसऱ्या महायुद्धात सोव्हिएत सैन्याच्या हाती लागलेली ल्यूगरे तेथील शस्त्रागारांत सुटी करून, नवी झिलई देऊन, मिळतील त्या भागांनी जोडून ठेवली गेली. म्हणजे येथेही न जुळणाऱ्या आकड्यांमागे दोन राजवटींचा इतिहास आहे. गंमत अशी, की शेवटची दोन स्थाने म्हटली की शक्यता शंभरच. धीर धरणाऱ्या माणसाला हव्या त्या दोन आकड्यांचा भाग आज ना उद्या मिळतोच. म्हणून लहान भागांचे आकडे जुळणे हाही सचोटीचा पुरावा नव्हे. झिलई, झीज आणि तपासणीचे ठसे यांचाही मेळ बसला पाहिजे.

आपल्याकडील संग्रहालयांत जुनी हत्यारे पाहताना हा विचार बरोबर न्यावा. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात आणि मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात शस्त्रे मांडलेली आहेत. युरोपातून आलेली नळी किंवा चापयंत्रणा घेऊन देशी कारागिराने दस्ता बसवलेली हत्यारे भारतभर होऊन गेली. त्यांना भेसळ म्हणून नाक मुरडायचे की दोन देशांच्या कारागिरीचा संगम म्हणून निरखायचे, हे आपल्या दृष्टीवर अवलंबून आहे. ज्यांना स्वतः संग्रह करावयाचा आहे, त्यांनी एक पक्के समजावे. जुने आहे एवढ्यावरून पिस्तूल घरात ठेवता येत नाही. १९५९ चा शस्त्र अधिनियम आहे, १९७२ चा पुरावस्तूंचा कायदा आहे. पैसे मोजण्यापूर्वी अधिकाऱ्यांकडे चौकशी करावी.

शेवटी एवढेच. संग्रह करणे म्हणजे केवळ सुंदर वस्तू जमवणे नव्हे. ज्यांनी त्या घडवल्या त्यांचा दाखला आपल्या हयातीपुरता सांभाळणे आहे. नवा संग्राहक न जुळणारे पिस्तूल स्वस्तात घेतो आणि मग ते ‘शुद्ध’ करण्याच्या मोहात पडतो. योग्य आकड्याची नळी शोधू, जुनी काढू, झिलई नवी करू, असे त्याला वाटते. आमची विनंती आहे, की हे करू नये. स्प्रिंगफील्डच्या बाकावर ढिगातून नळी उचलून, घासून, बसवून ज्याने ते पिस्तूल पुन्हा चालते केले, त्याचे नाव कोणत्याही दफ्तरात आपल्याला सापडणार नाही. त्याने केलेले काम त्या दोन न जुळणाऱ्या आकड्यांतच उरले आहे. ते आहेत तसे राहू द्यावेत, आणि त्यांची जी वाजवी किंमत होईल ती निःशंकपणे मोजावी.